घरांचे प्रतिसरकार

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत स्वातंत्र्यलढ्याचे एक वेगळे पंचांग पाळले जाते. ९ सप्टेंबरला वडूज, १० सप्टेंबरला इस्लामपूर, २५ फेब्रुवारीला मणदूर, ७ जूनला शेणोलीजवळचा रेल्वेमार्ग, २४ जुलैला सांगलीच्या तुरुंगाचा तट. त्या त्या तारखेला हार चढतात, शाळेची मुले रांगेत उभी राहतात, भाषणे होतात आणि समोरच्या खुर्च्यांवर हुतात्म्यांचे, स्वातंत्र्यसैनिकांचे वारस बसतात. या सगळ्या तारखांमागचा लढा एकच आहे. 'चले जाव'च्या ठरावानंतर पेटलेला आणि १९४३ पासून १९४६ पर्यंत प्रतिसरकार या नावाने चाललेला. तो झाला तेव्हा सातारा हा एकच जिल्हा होता. १९४९ मध्ये त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे एका लढ्याची आठवण आज दोन जिल्हाधिकारी कार्यालयांत वाटली गेली आहे. शेणोली कऱ्हाड तालुक्यात, म्हणजे साताऱ्यात. तिथे गाडी अडवणारी तुफान सेना कुंडलची, म्हणजे सांगलीची. कार्यक्रमाचा मान कोणाचा यावरून आपल्याकडे कुरबुरी होतात, त्याचे मूळ कधी कधी अशा सरकारी रेषेत असते.

या प्रस्तावनेत मला एकच म्हणणे मांडायचे आहे. साताऱ्याची निर्णायक लढाई कोणत्याही एका तारखेला झाली नाही. ती तीन वर्षे रोज, शेकडो घरांच्या दारांत झाली. पोलीस विचारत राहिले आणि घरांनी सांगितले नाही, असे तिचे रूप होते. तेव्हा या लढ्याशी घराण्यांचे नाते जोडायचे असेल, आणि ते जोडलेच पाहिजे असे माझे मत आहे, तर ते कोणाच्या पोटी कोण जन्मला यावरून ठरवून चालणार नाही. कोणत्या घराने काय केले, यावरून ते ठरले पाहिजे. वंशावळीतला वारस आणि लढ्यातला वारस ही माणसे बऱ्याचदा एकच असतात. पण नेहमी नसतात, आणि जिथे ती वेगळी पडतात तिथेच आपल्या स्मरणदिनांची परीक्षा आहे.

आधी घडले ते थोडक्यात. ऑगस्ट १९४२ मध्ये नेते तुरुंगात गेल्यावर साताऱ्यात तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघू लागले. कऱ्हाड, पाटण, तासगाव इथले मोर्चे रक्त न सांडता पार पडले. ९ सप्टेंबरला वडूजला मात्र गोळीबार झाला आणि हाती झेंडा घेतलेल्या परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात किर्लोस्करवाडीचे अभियंते पंड्या आणि विष्णू बारपटे यांचा बळी गेला. निःशस्त्र जमाव कचेरीवर नेण्याचा मार्ग इथे संपला. माणसे भूमिगत झाली, तारा तोडणे, टपाल आणि रेल्वे अडवणे सुरू झाले, आणि वर्षभरात या विस्कळीत कामाला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाखाली एक रचना मिळाली. गटवार कार्यकर्ते, गावोगावी न्यायदान मंडळे, आणि कुंडलला जी. डी. बापू लाड यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली तुफान सेना. ७ जून १९४३ ला याच सेनेने शेणोलीजवळ रेल्वे कर्मचाऱ्यांचा पगार नेणारी गाडी अडवली. कॅप्टन भाऊ म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र लाड त्यात होते. हाती काठ्या, विळे, थोडे गावठी बाँब; मिळाले १९ हजार १७५ रुपये. त्याच वर्षी २४ जुलैला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीच्या तुरुंगातून तट उतरून पळाले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव मारले गेले, दादांना गोळी लागली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये जी. डी. बापू आणि नागनाथअण्णा नायकवडी यांनी खानदेशातल्या साथींसह धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. तो साडेपाच लाखांच्या घरात होता.

या घटना थरारक आहेत, आणि थरार सांगायला सोपा असतो. म्हणून दरवर्षी तोच सांगितला जातो. पण गाडी लुटणे हे एका दुपारचे काम आहे. लुटून झाल्यावर तीच माणसे त्याच मुलखात आणखी तीन वर्षे राहिली, सभा घेत राहिली, भांडणे मिटवत राहिली, ही खरी नवलाची गोष्ट आहे. त्याच सुमारास देशात इतरत्रही समांतर सरकारे उभी राहिली होती. बलियात चित्तू पांडे यांचे राज्य काही दिवसच टिकले. बंगालमध्ये तामलुकचे जातीय सरकार डिसेंबर १९४२ पासून ऑगस्ट १९४४ पर्यंत चालले आणि गांधीजींनी भूमिगतांना प्रकट होण्यास सांगितल्यावर ते गुंडाळले गेले. साताऱ्याचे सरकार त्यानंतरही चालू राहिले. नाना पाटील ब्रिटिशांच्या हाती कधी लागलेच नाहीत. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेतली गेली, तेव्हा ते आपणहून लोकांसमोर आले. डोक्यावर इनाम असलेला, उंचापुरा, सभेत हजारोंनी पाहिलेला, आवाजावरून ओळखू येणारा माणूस चार वर्षे सापडत नाही, याचा अर्थ काय?

एक उत्तर भूगोलाचे दिले जाते आणि ते खोटे नाही. कृष्णा आणि वारणेच्या मधला हा पट्टा संस्थानी ठिगळांनी भरलेला होता. कुंडल औंध संस्थानात, शेजारचे गाव ब्रिटिश मुलखात, पलीकडे सांगली, मिरज, जत. वारणा ओलांडली की कोल्हापूर. औंधच्या राजांनी १९३९ मध्ये प्रजेला राज्यकारभार देऊन टाकला होता, त्यामुळे तिथली हवा कार्यकर्त्यांना अनुकूल होती. हद्द बदलली की पोलीस बदलत. पश्चिमेला सह्याद्रीच्या सोंडा, नदीकाठी उसाचे फड. पण हद्दी आणि डोंगर पेंढाऱ्यांच्या काळातही होतेच, आणि प्रतिसरकारच्याच काळात या भागात दरोडेखोरांच्या टोळ्याही त्याच फडांत लपत होत्या. त्या टोळ्यांचा बंदोबस्त प्रतिसरकारने गावकऱ्यांच्याच मदतीने केला. म्हणजे भूगोल दोघांनाही सारखाच होता. गाव कोणाच्या बाजूने उभे राहिले, हा फरक होता. उसाचा फड माणसाला झाकतो. त्याला जेवू घालत नाही, त्याचा ताप उतरवत नाही आणि पाटलाच्या चावडीवर खोटी जबानी देत नाही. ही कामे घरांनी केली.

ही घरे एकमेकांना कशी जोडलेली होती तेही पाहण्याजोगे आहे. या खोऱ्यातली सोयरीक फार लांब जात नाही. दहा-वीस मैलांच्या वर्तुळात मामाचे गाव, आत्याचे घर, दिलेल्या बहिणीचे सासर, घरात आलेल्या सुनेचे माहेर, असे जाळे प्रत्येक शेतकरी कुटुंबाचे असते. नाना पाटलांचा स्वतःचा जन्म बहे-बोरगावचा, म्हणजे आजोळचा. वाढले ते येडेमच्छिंद्रला. भाचा मामाकडे आला, मेहुणा चार दिवस राहिला, यात कोणाला शंका येण्यासारखे काही नसते. गुप्त संघटनेला शहरात जी सुरक्षित खोली भाड्याने शोधावी लागते, ती इथे नात्याने आधीच बांधून ठेवलेली होती. आणि नाना पाटील मूळचे तलाठी. १९३० च्या सत्याग्रहात त्यांनी नोकरी सोडली. सरकार गावात नेमके कोणत्या माणसांच्या खांद्यावर उभे असते, पाटील कुठे डगमगतो, कोणते दप्तर काय सांगते, हे त्यांना आतून माहीत होते. सत्यशोधक चळवळीने या भागात घराचा उंबरठा आधीच ओलांडला होता. प्रतिसरकारने त्याच वाटेने जाऊन कमी खर्चाची, हुंडा आणि बडेजाव टाळणारी लग्ने लावली. जी. डी. बापूंचे विजयाताईंशी झालेले लग्नच १९४५ मध्ये कुंडलला भर सभेत, भूमिगत नेत्यांच्या हजेरीत लागले. न्यायदान मंडळांपुढे जमिनीचे आणि सावकारीचे तंटे येत, तसे टाकलेल्या बायकांचे आणि दारुड्या नवऱ्यांचेही येत. जे सरकार सुनेचे गाऱ्हाणे ऐकते, ते तिच्या चुलीपर्यंत पोचते. मग ती सून त्या सरकारच्या माणसाचा ठावठिकाणा फौजदाराला का सांगेल?

या आसऱ्याची किंमत घरांनीच मोजली. येडेमच्छिंद्रला नाना पाटलांचे घर आणि जमीन जप्त झाली. मागे राहिली म्हातारी आई गोजराबाई आणि आई नसलेली मुलगी हौसाताई. शेजाऱ्यांना मदतीची भीती वाटू लागली, आणि उंबराच्या फळांची भाजी करून दिवस काढावे लागले, हे हौसाताईंनी पुढे अनेकदा सांगितले आहे. तीच मुलगी विशीच्या आत चळवळीत शिरली. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवऱ्याच्या हातचा मार खाण्याचे नाटक करून तिने शिपायांना गुंतवले आणि साथींनी आतून बंदुका उचलल्या. एका साथीदाराच्या सुटकेच्या कामासाठी ती पोर्तुगीजांच्या गोव्यापर्यंत जाऊन आली. यशवंतराव चव्हाणांचे लग्न जून १९४२ चे. नवरा भूमिगत झाला म्हणून लग्नाला वर्ष होण्याआधीच वेणूताईंना अटक झाली, आणि त्या धक्क्यातून त्यांची प्रकृती सावरली नाही, हे 'कृष्णाकाठ' वाचणाऱ्यांना माहीत आहे. कासेगावच्या इंदुताई कोवळ्या वयात घर सोडून चळवळीत आल्या. बाबूजी पाटणकरांशी संसार मांडला, आणि स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे होतात तोच, १९५२ मध्ये, बाबूजींचा खून झाला. ही काही नावे विस्मरणातून वाचलेली. हौसाताईंच्या वडिलांचे नाव मोठे नसते तर उंबराची भाजी कोणाला कळली असती, असा प्रश्न पडतो. कोणत्या तरी मळ्यातल्या वस्तीवर अशीच भाजी शिजली असणार, आणि तिथे विचारायला कोणी गेले नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो अभ्यासकांचा आहे. याला निर्णायक लढाई म्हणायचे कशाच्या आधारावर? इंग्रज गेले ते महायुद्धाने खिळखिळे झाल्यामुळे, आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी आणि १९४६ च्या नौदलाच्या बंडाने लष्कराचा भरवसा राहिला नाही म्हणून, लंडनमध्ये मजूर पक्षाचे सरकार आले म्हणून. साताऱ्यातल्या काही तालुक्यांनी साम्राज्य उलथवले असे म्हणणे ही बढाई झाली. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि स्मरणदिनाच्या भाषणांत ती बढाई ऐकू येते तेव्हा तिची लाजही वाटते. तरीही निर्णायक हा शब्द मी सोडत नाही. हिंदुस्थानातले इंग्रजी राज्य गोऱ्या शिपायांच्या संख्येवर कधीच चालले नाही. ते चालले पाटील, तलाठी, फौजदार, सावकार यांच्या साखळीवर आणि या साखळीपुढे गावाने मान खाली घालण्याच्या सवयीवर. साताऱ्यात ती सवय मोडली. लोक तंटा घेऊन कचेरीऐवजी न्यायदान मंडळाकडे जाऊ लागले. गावात राज्य कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर तिथे १५ ऑगस्ट १९४७ च्या आधीच बदलले होते. दिल्लीतला निर्णय दिल्लीत झाला. कुंडल, वाळवा, कासेगाव, येडेमच्छिंद्र यांच्यापुरता निर्णय त्यांनीच केला. एवढाच अर्थ घेतला तर शब्द जड होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि तो आपल्याच माणसांचा आहे. प्रतिसरकारला लोक पत्री सरकार म्हणत, कारण त्याच्या शिक्षा कडक होत्या. तळपायांवर मार बसे. खबऱ्यांना, गुंडांना, मग्रूर सावकारांना ती शिक्षा मिळाली असे आपण सांगतो, आणि श्रोते हसून टाळ्या वाजवतात. पण ज्याला पत्री बसली त्याचेही घर होते. सगळेच शिक्षा झालेले दोषी होते का? कुठे भाऊबंदकीचा जुना हिशेब चळवळीच्या नावाने चुकता झाला नसेल का? पोलीस नाही, वकील नाही, अपील नाही, अशा परिस्थितीत चाललेल्या न्यायात चुका झाल्याच नाहीत असे म्हणणे माणसाच्या स्वभावाला धरून नाही. याला उत्तर म्हणून समोरच्या बाजूचे पारडे दाखवता येते. गोळीबार, सामुदायिक दंड, जप्त्या, घरच्यांना ओलीस धरल्यासारखे छळणे, हे सरकारने केले, आणि त्याच्यापुढे न्यायदान मंडळांचा कडकपणा फिका आहे. हे खरे असूनही पुरेसे उत्तर नाही. माझ्या मते खरे उत्तर हे की घराघरांतून इतिहास गोळा करायचा तर या घरांकडेही गेले पाहिजे. कुटुंबाच्या आठवणी लाजिरवाण्या गोष्टी झाकतात, हे खरे. पण फक्त विजयी कुटुंबांच्या आठवणी घेतल्या तर त्या जास्त झाकल्या जातात. नाना पाटलांची उंची या चौकशीने कमी होणार नाही. होईल अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी त्यांना नीट ओळखलेले नाही.

आता कागदाचा प्रश्न. घरांचे काम इतके मोठे होते, तर ते नोंदींत का नाही? कारण नोंद सरकार करते, आणि सरकारला जे दिसले त्याचीच नोंद होते. जो पकडला गेला त्याचे नाव तुरुंगाच्या रजिस्टरात आले. जो मेला त्याचे नाव पंचनाम्यात आले. ज्याने कोणालाच पकडू दिले नाही, त्याने आपले काम चोख केले म्हणूनच तो कागदावर नाही. स्वतंत्र भारताने १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा कसोटी याच कागदांची लावली. सहा महिने तुरुंगवास, किंवा सहा महिने भूमिगत राहिल्याचा पुरावा, आणि तो पुरावा म्हणजे फरारी घोषित झाल्याचा हुकूम, लावलेले इनाम, किंवा बजावता न आलेला अटकेचा आदेश. सरकारी पैसा द्यायचा तर काहीतरी पुरावा मागावा लागतो, याबद्दल तक्रार नाही. खोटे दावे किती झाले याच्या कहाण्या आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. पण ही पैसे वाटण्याची कसोटी हळूहळू इतिहासाची कसोटी होऊन बसली. ज्याला ताम्रपट तो स्वातंत्र्यसैनिक, आणि ज्या घरात ताम्रपट ते स्वातंत्र्यसैनिकाचे घर. रात्री-बेरात्री वीस माणसांचे पिठले-भाकरी करणाऱ्या बाईच्या नावावर इनाम कोण लावणार होते? तिच्याकडे वॉरंट कुठून येणार? रामापूरचे गणपती बाळा यादव निरोप आणि डबे पोचवत मैलोन्‌मैल सायकलने फिरत. ते दीर्घायुषी ठरले, पी. साईनाथ यांच्यासारखा पत्रकार त्यांच्यापर्यंत गेला, म्हणून त्यांचे काम २०२२ च्या पुस्तकात छापले गेले. हा अपवाद आहे. नियम विस्मरणाचा आहे.

घराण्यांच्या वारशाचा दुसरा टोकाचा प्रकारही आपल्यासमोर आहे. या दोन जिल्ह्यांत चळवळीतून सहकार आला आणि सहकारातून राजकारण. वाळव्याच्या साखर कारखान्याला नागनाथअण्णांनी स्वतःचे नाव दिले नाही, मणदूरला पडलेल्या किसन अहिरांचे दिले. ही त्या पिढीची रीत होती. पुढे कारखान्यांना नेत्यांची नावे आली. किसन वीर, राजारामबापू, वसंतदादा, जी. डी. बापू, आणि अखेर अण्णांचेही. वसंतदादांचे नातू आज सांगलीचे खासदार आहेत, राजारामबापूंचे चिरंजीव जयंत पाटील अनेक वर्षे मंत्री होते, जी. डी. बापूंचे चिरंजीव अरुण लाड २०२० मध्ये विधान परिषदेवर निवडून गेले. म्हणून काही जण म्हणतात की घराण्याच्या नात्याने स्मरण करणेच बंद करा. आजोबांच्या गोळीवर नातवाने मते का मागावीत? या रागात तथ्य आहे. पण उपाय चुकीचा आहे. निवडून यायचे की नाही हे मतदार ठरवतात, आणि आजोबांचे नाव त्यात किती चालते ते ही माणसे आणि त्यांचे विरोधक दोघेही जाणून आहेत. गैर काय आहे, तर शंभर घरांच्या लढ्याचे भांडवल चार-पाच घरांच्या खात्यावर जमा होणे. त्यावर उपाय चार-पाच नावे पुसण्याचा नाही. उरलेली पंचाण्णव लिहिण्याचा आहे.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत कडवा आक्षेप मात्र याहून खोल जातो. सोयरिकीच्या जाळ्यावर लढा उभा राहिला असे म्हणताच ते जाळे जातीचे होते हेही म्हणावे लागते. मामा, मेहुणे, व्याही एकाच जातीत असतात. प्रतिसरकारचा कणा मराठा-कुणबी शेतकऱ्यांचा होता, हे नावांच्या याद्यांवर नजर टाकली तरी दिसते. मग 'घरांचा वारसा' म्हणजे गोड भाषेत एका जातीचा वारसा ठरत नाही का? ज्यांचा सोयरा पाटलाच्या वाड्यात नव्हता, ज्यांची वस्ती गावकुसाबाहेर होती, ते रामोशी, महार, मांग, धनगर, मुसलमान, कैकाडी यात कुठे बसतात? आणि ज्यांचे या मुलखात कोणीच नव्हते ते? इस्लामपूरला पडलेले पंड्या गुजराती, कारखान्यातल्या नोकरीमुळे इथे आलेले. मणदूरला २५ फेब्रुवारी १९४६ रोजी किसन अहिरांबरोबर जो दुसरा पडला तो नानकसिंग, पंजाबातला, आझाद हिंद फौजेतला, तरुणांना शस्त्रे शिकवायला आलेला. त्याला ना मामा ना मेहुणा. वंशाच्या हिशेबाने पाहिले तर त्याच्या स्मारकाला हार घालणारा हक्काचा माणूस दोन्ही जिल्ह्यांत नाही.

हा आक्षेप मी टाळत नाही, कारण माझे म्हणणे टिकते की नाही ते इथेच ठरते. वारसा रक्ताने मोजला तर तो टिकत नाही. आक्षेप घेणारा बरोबर आणि मी चूक. पण घर म्हणजे कूळ असे मी म्हटलेले नाही. घर म्हणजे दार उघडणारी माणसे. सोयरिकीने पहिली दारे उघडली हे खरे. पण तीन वर्षे केवळ सोयऱ्यांच्या जिवावर निघाली नसती. गावाची राखण ज्यांच्याकडे होती, चावडीवर साहेबाची वर्दी घेऊन जे जात, रात्री रानात जे मेंढरे बसवत, त्यांना काय दिसत नव्हते? चावडीत फौजदार आल्याची खबर सर्वांत आधी ज्यांना लागते ती माणसे बलुतेदार-वतनदारांच्या खालच्या पायरीवरची. त्यांचे मौन हाही आसराच होता, आणि त्याची किंमत त्यांना जास्त पडू शकत होती, कारण त्यांना जामीन राहणारे कोणी नव्हते. त्यांची घरे शोधली नाहीत म्हणून ती याद्यांत नाहीत. नानकसिंगांचे नाव वाळव्यात किसन अहिरांच्या नावाबरोबरच घेतले जाते. नागनाथअण्णांनी आणि गावाने ते आपले मानले. रक्ताचा एक थेंबही न जुळता एका गावाने पंजाबच्या मुलाचे वारसपण घेतले, याहून स्पष्ट दाखला मला देता येणार नाही. पंड्यांच्या बाबतीत इस्लामपूर आणि किर्लोस्करवाडीने तेवढेच केले आहे का, याचा विचार तिथल्या लोकांनी करावा.

वारसा कामाने चालतो, याचे दुसरे उदाहरण पाण्याचे आहे. १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. त्यात नागनाथअण्णा होते, जी. डी. बापू होते, आणि धरणग्रस्त व कष्टकऱ्यांच्या चळवळींतून आलेले भारत पाटणकर होते, इंदुताई आणि बाबूजींचे चिरंजीव. इथे रक्ताचे नातेही आहे, पण कोणी ते पुढे करून बसले नव्हते. कृष्णेचे पाणी माणदेशात यावे यासाठी हजारो लोक सत्तरी ओलांडलेल्या भूमिगतांच्या मागे चालले. ज्या शेतकऱ्याच्या आजोबाने १९४३ मध्ये भीतीपोटी दार लावून घेतले होते, तोही त्या मोर्चात असू शकत होता. दार लावणाऱ्यांनाही दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. जप्ती आपल्या शेतावर आलेली नाही.

तर स्मरणदिन करायचे कसे? तारखा राहू द्याव्यात. शेणोलीला रुळांच्या कडेला, वडूजला, सांगलीच्या तटाशी जमणे हे गावाला एकत्र आणते, आणि १९८० च्या दशकात राज्यभर उभारलेल्या हुतात्मा स्मारकांपैकी बरीच आज कुलूपबंद असताना तर ते मुळीच सोडू नये. पण भाषणांचा वेळ निम्मा करून उरलेल्या वेळात त्या गावातल्या घरांची माहिती वाचली जावी. कोणाच्या मळ्यात बैठक झाली, जखमीला कोणी पाहिले, बंदूक कोणाच्या कणगीत होती, निरोप कोणत्या मुलीने परकरात लपवून नेला, गावात पत्री कोणाला बसली आणि का. प्रत्येक माहितीपुढे ती कोणी सांगितली, ऐकीव की पाहिलेली, हे लिहावे. दोन घरांच्या हकिकती जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवाव्यात. जप्तीच्या आणि महसुलाच्या जुन्या कागदांशी, जुन्या खटल्यांच्या दप्तरांशी त्या पडताळून पाहता येतात. आठवणी फुगतात, हे ठाऊक असणे हाच त्यांच्यावर विश्वास ठेवण्याचा शहाणा मार्ग आहे.

पुढची पाने वाचताना वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे. नाना पाटील १९७६ मध्ये गेले, जी. डी. बापू २०११ मध्ये, नागनाथअण्णा २०१२ मध्ये, इंदुताई २०१७ मध्ये, हौसाताई २०२१ मध्ये, कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये. प्रत्यक्ष पाहिलेले सांगणारे जवळजवळ कोणी उरलेले नाही. उरली आहे ती त्यांच्याकडून ऐकलेली पिढी, आणि तीही आता साठी-सत्तरीत आहे. तुमच्या घरात सासूने, आजीने, चुलत्याने भूमिगतांबद्दल काही सांगितले असेल, ते कितीही किरकोळ वाटले तरी गावाचे नाव, सांगणाऱ्याचे नाव आणि आजची तारीख घालून वहीत लिहून काढा, आणि एक प्रत गावच्या शाळेत ठेवा.